समितीचा माणूस

विधानसभेच्या उमेदवारी अर्जाला जे प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, त्याला निवडणूक नियमांत ‘नमुना २६’ म्हणतात. त्यात सुरुवातीलाच एक वाक्य छापलेलं असतं: अमुक पक्षानं मला उभं केलं आहे, किंवा मी अपक्ष म्हणून उभा आहे. जे लागू नसेल ते खोडायचं. बेळगाव-खानापूरकडचा, हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार या वाक्याचा पहिला भाग खोडतो. १९५७ पासून ज्या नावानं गल्लीबोळांत मतं मागितली, ज्या नावासाठी माणसं तुरुंगात गेली, ते नाव निवडणूक आयोगाच्या कागदावर उमटत नाही. तिथं असतो फक्त एक अपक्ष.

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी मात्र उलटं होतं. उमेदवाराचं नाव फारसं कुणी घेत नसे. ‘समितीचा माणूस’ एवढं म्हटलं की पुरे व्हायचं. तो कोण, काय करतो, शिकलाय किती, त्याच्यावर काय खटले आहेत, हे विचारणं म्हणजे घरच्याच माणसाकडे हिशेब मागण्यासारखं वाटायचं. कागदावर माणूस होता आणि पक्ष नव्हता. घरात पक्ष होता आणि माणूस नव्हता. या दोन्हींच्या मधे जे हरवलं, ते शोधायला हा लेख लिहितो आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाचं गेल्या काही वर्षांतलं राजकीय नुकसान तिथूनच झालं, असं मला आता ठामपणे वाटतं.

कोरमंगलाहून निघालेली रातराणी

मी वीस वर्षं बेंगळूरच्या कोरमंगलात राहतो. २००७ मध्ये इथल्याच एका फ्लॅटमध्ये फ्लिपकार्ट सुरू झाली आणि त्यानंतर हा भाग देशभरातल्या तरुण अभियंत्यांचं गाव झाला. त्या गर्दीत बेळगावची, खानापूरची, निपाणीची मराठी मुलं-मुली पुष्कळ आहेत. आठव्या ब्लॉकपासून होसूर रोडपर्यंत कुठल्याही पीजीत गेलात तर जिन्यात फोनवर ‘जेवलास काय गा?’ हा सूर ऐकू येतो. आणि तो ऐकला की पाचशे किलोमीटरचं अंतर एकदम नाहीसं होतं.

९ मे २०२३ च्या संध्याकाळी मडिवाळ्याच्या बाजूला बेळगावकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी उभी असलेली अशी पोरं मी पाहिली. दुसऱ्या दिवशी कर्नाटक विधानसभेचं मतदान होतं. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात पाण्याची बाटली. एकाच्या फोनवरून त्याच्या आईचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता : ‘येतोस न्हवं मतदानाला? बाबा वाट बघाल्यात.’ तो येतो म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, ‘काका, आमच्याकडं समितीकडनं कोण उभा राहिलाय हो? नाव बघितलंय, पण माणूस काय माहीत नाही.’

माझ्या पिशवीत उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांच्या छापील प्रती होत्या. आयोगाच्या संकेतस्थळावर त्या कुणालाही मिळतात. त्याच्या मतदारसंघाची प्रत काढून दिली. गाडी येईपर्यंत तो दिव्याखाली उभा राहून वाचत होता. पाचशे किलोमीटर प्रवास करून मत द्यायला निघालेल्या मुलाला आपला उमेदवार ठाऊक नव्हता, याचा दोष मला त्याला देता येईना. आम्ही मोठ्यांनी त्याला ‘समितीचा माणूस’ एवढंच शिकवलं होतं.

कागदाचा जन्म

उमेदवाराची पार्श्वभूमी जाणणं हा मतदाराचा हक्क आहे, ही गोष्ट या देशात आपोआप रुजली नाही. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. त्यांच्यातले एक, त्रिलोचन शास्त्री, पुढे बेंगळूरच्या आयआयएममध्ये आले. बन्नेरघट्टा रस्त्यावरचं ते आवार कोरमंगलापासून काही किलोमीटरवर आहे. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, उमेदवारानं आपल्यावरचे फौजदारी खटले, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर केलंच पाहिजे. राजकीय पक्षांना ते रुचलं नाही. संसदेनं कायदा बदलून त्यातला बराच भाग बोथट केला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली आणि हक्क कायम झाला.

तेव्हापासून हा कागद जाडजूड होत गेला. २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, रकाने कोरे ठेवता येणार नाहीत. २०१८ मध्ये उत्पन्नाचा स्रोतही मागितला गेला, आणि ज्यांच्यावर खटले आहेत त्यांनी ते वर्तमानपत्रांतून जाहीर करावेत असं ठरलं. २०२० मध्ये पक्षांनाही सांगितलं की, खटले असलेल्या माणसाला तिकीट का दिलं याची कारणं द्या, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही.

चांगला कायदा आहे. पण सीमाभागात त्याच्यातून एक फट राहते. तिकीट देण्याची कारणं पक्षानं द्यायची, आणि समितीचा उमेदवार तर कागदावर अपक्ष. कारणं विचारायची कुणाला? कायदा तिथं थांबतो. पुढचा प्रश्न मतदारानंच विचारायला हवा होता, आणि तो आम्ही विचारला नाही.

पहिली पिढी : तुरुंगातून सभागृहात

मुळात ही माणसं कर्नाटकाच्या सभागृहात आली कशी, हे सांगायला मागं जावं लागतं. मे १९४६ मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. ज्या गावात ठराव झाला, तेच गाव पुढं महाराष्ट्राबाहेर राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षी १७ जानेवारीला झालेल्या गोळीबारात बेळगाव-निपाणीत माणसं पडली होती. निपाणीच्या कमळाबाई मोहिते त्यांच्यातल्याच. तो दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो आणि १ नोव्हेंबर काळा दिन म्हणून.

पुढच्याच वर्षी, १९५७ ला, निवडणूक आली. ज्या राज्यात राहायचं नाही, त्याच राज्याच्या विधानसभेत जायचं, तिथं उभं राहून ‘आम्हाला जाऊ द्या’ म्हणायचं, आणि त्याला लोकांचा कौल आहे हे मतांनी सिद्ध करायचं. समितीनं हा मार्ग घेतला. बेळगाव शहरातून बा. रं. सुंठणकर, खानापुरातून ल. बा. बिर्जे असे लोक निवडून गेले. बेंगळूरला केंगल हनुमंतय्यांनी उभारलेलं विधानसौध तेव्हा नवंकोरं होतं. दर्शनी भिंतीवर कोरलं होतं, सरकारचं काम हे देवाचं काम. त्या वास्तूत शिरताना या माणसांना काय वाटलं असेल, याचा विचार मी कब्बन पार्कच्या बाजूनं जाताना नेहमी करतो.

त्या पिढीची पार्श्वभूमी सांगायला प्रतिज्ञापत्र लागत नव्हतं. समितीच्या भोवती वकील होते, शिक्षक होते, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग पाहिलेले कार्यकर्ते होते. १९१९ मध्ये बेळगावात ‘तरुण भारत’ काढणारे बाबूराव ठाकूर यांच्यासारखे संपादक होते. गाव त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होतं. कुणी कोणता खटला कशापायी ओढवून घेतला, कुणी घरची जमीन विकली, हे चावडीवरच्या माणसाला तोंडपाठ असायचं. ‘समितीचा माणूस’ हे दोन शब्द तेव्हा पोकळ नव्हते. त्यांच्यात ही सगळी माहिती भरलेली होती.

१९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं आणि केंद्रानं महाजन आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात आयोगानं निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं, पण बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. उलट महाराष्ट्रातली २४७ गावं कर्नाटकाला सुचवली. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. प्रश्न लोंबकळत राहिला, आणि समितीचे आमदार दर पाच वर्षांनी निवडून जात राहिले. शहरातून बळवंतराव सायनाक, राजाभाऊ माने, नारायणराव तरळे. उचगावातून प्रभाकर पावशे, बी. आय. पाटील. एकेका विधानसभेत समितीचे चार-चार, पाच-पाच आमदार असत. २२४ जणांच्या सभागृहात तेवढ्यांनी सरकार पडत नाही की उभं राहत नाही. पण प्रश्न नोंदला जातो.

चारशे छप्पन उमेदवार

मग १९९६ आलं. लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. देशाचं लक्ष वेधायचं म्हणून समितीनं गावोगावच्या माणसांना अर्ज भरायला लावले होते. मतपत्रिका वहीएवढी झाली. शेतकरी, दुकानदार, हमाल, निवृत्त मास्तर, कधी घराबाहेर भाषण न केलेली माणसं त्या दिवसांत उमेदवार होती. त्यांची पार्श्वभूमी कुणी विचारली नाही. विचारण्याची गरजही नव्हती, कारण तिथं माणूस उभा नव्हता, गाव उभं होतं.

त्याच वर्षी तामिळनाडूत मोडकुरिचीला विधानसभेसाठी हजाराच्या वर आणि आंध्रात नलगोंड्याला लोकसभेसाठी ४८० उमेदवार होते. सरकारनं धडा घेतला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० आणि विधानसभेची २५० वरून ५,००० झाली, आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. म्हणजे आज देशातला कुठलाही अपक्ष दहा सह्या गोळा करतो, त्याच्यामागे आमच्या बेळगावच्या त्या वहीएवढ्या मतपत्रिकेचाही वाटा आहे.

पण त्या लढ्यातून आमच्या मनात एक सवयही बळावली: उमेदवार कोण हे गौण, प्रश्न मोठा. आंदोलनात ते खरं असतं. सभागृहात नसतं. पाच वर्षं तिथं बसणारा, कागद वाचणारा, हात वर करणारा शेवटी एक माणूसच असतो.

दुसरी पिढी : महापालिका आणि सोसायटी

नव्वदच्या दशकानंतर समितीच्या उमेदवारांची पार्श्वभूमी हळूहळू बदलत गेली. वकील-संपादकांच्या जागी नगरसेवक, महापौर, सहकारी बँकांचे संचालक आले. हे वाईट नव्हे. महापालिका ही या भागातल्या मराठी माणसाची खरी शाळा होती. पाणी, गटार, घरपट्टी, स्मशानभूमी या प्रश्नांतून माणसं घडत होती, आणि मराठीत कागद मिळावा ही लढाई रोज तिथंच चालत होती.

त्याची किंमतही याच लोकांनी मोजली. २००५ मध्ये महापौर विजय मोरे यांच्या काळात महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. त्यानंतर ते बेंगळूरला आले असता त्यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. पुढं महापालिकाच बरखास्त झाली. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी कोरमंगलातल्या ऑफिसात माझ्या टेबलावरच्या वर्तमानपत्रात होतं. शेजारी बसणारा कन्नड सहकारी ते बघून गप्प झाला. नंतर चहाला गेल्यावर हळूच म्हणाला, ‘हे बरं झालं नाही.’ त्याचं ते वाक्य मी विसरलो नाही. २०११ मध्ये महापौर मंदा बाळेकुंद्री काळ्या दिनाच्या फेरीत सामील झाल्या आणि महापालिका पुन्हा बरखास्त झाली.

२०१३ ला समितीचे दोन आमदार निवडून आले. बेळगाव दक्षिणमधून माजी महापौर संभाजी पाटील, खानापुरातून जिल्हा बँकेच्या राजकारणातले अरविंद पाटील. आयोगाच्या निकालपत्रात दोघेही अपक्ष. समितीच्या नावानं विधानसभेत गेलेले आजवरचे ते शेवटचे दोघे. पुढं अरविंद पाटील भाजपमध्ये गेले. त्यांना दोष देण्याआधी एक प्रश्न आपल्याला विचारायला हवा. पक्षाची शिस्त, व्हिप, यांतलं काहीच ज्याला बांधत नाही, त्या ‘अपक्ष’ माणसाला समितीशी बांधून ठेवणारं काय होतं? फक्त त्याची पार्श्वभूमी आणि लोकांची नजर. त्यातली नजर आम्हीच सैल सोडली होती.

खटले : घरचे की चळवळीतले

प्रतिज्ञापत्रातला सगळ्यांत वाचला जाणारा भाग खटल्यांचा. दूरचित्रवाणीवर आकडा येतो, अमुक टक्के उमेदवारांवर गुन्हे. सीमाभागात हा आकडा नीट उलगडून वाचावा लागतो. काळ्या दिनाच्या फेरीत चालणं, समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारल्यावरही जमणं, फलक लावणं, घोषणा देणं, यांतून गुन्हे दाखल होतात. २०१४ मध्ये येळ्ळूरला ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक काढल्यावर पोलिसांनी गावात घुसून मारहाण केली. १३ डिसेंबर २०२१ रोजी महामेळाव्याच्या ठिकाणी समितीचे नेते दीपक दळवी यांच्यावर शाई फेकली गेली. त्याच आठवड्यात बेंगळूरच्या सदाशिवनगरात शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची. दोन्ही बाजूंची मनं पोळली. धरपकड झाली, गंभीर कलमं लागली.

अशा उमेदवाराच्या कागदावर, २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेची १४३, १४७, १८८ अशी कलमं दिसतात: बेकायदा जमाव, दंगल, आदेशाचा भंग. शहरी वाचकाला वाटतं, हा गुंड असावा. गावाला वाटतं, हा आमचा वाघ आहे. दोघंही पुढचे रकाने वाचत नाहीत. गुन्हा कोणत्या तारखेचा? काळ्या दिनाच्या आसपासचा की एरवीचा? फिर्यादी कोण, सरकार की शेजारी? आरोप निश्चित झालेत का? ४२० आहे का, म्हणजे कुणाला फसवलंय का? ४९८-अ आहे का, म्हणजे घरातल्या बाईनं तक्रार केलीय का? यातलं बरंचसं त्याच कागदात असतं.

माझ्या वडिलांना मी पहिल्यांदा असा कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसत एकच विचारलं : ‘हे खटले घरचे की चळवळीतले?’ पन्नास वर्षं समितीला मत दिलेल्या माणसाचा हा प्रश्न होता. मला वाटतं, सीमाभागातल्या मतदाराला शिकवायचा पहिला प्रश्न हाच आहे. चळवळीतला खटला मानानं मिरवावा. घरचा खटला चळवळीच्या शालीखाली झाकू देऊ नये.

१९५७ साली, आल्प्सच्या डोंगरांत

सीमेवरची अल्पसंख्य भाषा आणि तिचा प्रादेशिक पक्ष ही गोष्ट जगात एकट्या बेळगावची नाही. इटलीच्या उत्तरेला दक्षिण टिरोल आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन बोलणारा हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. दुसरं महायुद्ध संपलं त्याच दिवसांत, ८ मे १९४५ ला, तिथं दक्षिण टिरोल लोकपक्ष स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष एरिक आमोन हे बोत्सेनचे व्यापारी. १९३९ मध्ये हिटलर-मुसोलिनीनं लोकांसमोर पर्याय ठेवला होता, जर्मनीत जा किंवा इथं राहून इटालियन व्हा. तेव्हा मातीत पाय रोवून राहिलेल्यांपैकी हे होते. म्हणजे तिथंही उमेदवाराची पार्श्वभूमी म्हणजे ‘कसोटीच्या वेळी तू कुठं होतास’ हीच.

१९५७ मध्ये, समितीचे आमदार पहिल्यांदा विधानसौधात गेले त्याच वर्षी, सिग्मुंड्सक्रोन किल्ल्यात तिथं हजारोंची सभा झाली. युद्धात एक पाय गमावलेला वकील, सिल्वियुस माग्नागो, बोलायला उभा राहिला. लोक ऑस्ट्रियात परत जाण्याची भाषा बोलत होते. माग्नागोंनी त्यांना स्वायत्ततेकडे वळवलं: आमच्या प्रांताचा कारभार आमच्या हाती द्या. पुढची पंधरा वर्षं वाटाघाटी, मधे बॉम्बस्फोट, संयुक्त राष्ट्रांत चर्चा. १९७२ मध्ये नवा स्वायत्तता कायदा आला. सरकारी नोकऱ्यांत भाषेप्रमाणे वाटा, जर्मन शाळा, दोन्ही भाषांत कागद. माग्नागो १९६० ते १९८९ प्रांताचे प्रमुख होते.

बेळगावनं असंच करावं, महाराष्ट्रात जाण्याची मागणी सोडावी, असं मी म्हणत नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं ८६५ गावांसाठी एकमतानं ठराव केला आहे, आणि ती मागणी लोकांच्या मनात जिवंत आहे. मला त्यातून दिसतं ते वेगळंच. माग्नागोंनी लोकांची निष्ठा गृहीत धरली नाही. तिच्या बदल्यात शाळा, नोकरी, कागद यांतलं काय मिळालं, याचा हिशेब ते वर्षानुवर्षं देत राहिले. निष्ठेनं माणूस उमेदवार होतो. प्रतिनिधी व्हायला हिशेब द्यावा लागतो.

मराठी कोण?

२०१८ ला समितीत दोन गट पडले. बेळगाव दक्षिणेत प्रकाश मरगाळे आणि किरण सायनाक, खानापुरात अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर, एकाच ध्येयाचे दोन-दोन उमेदवार. खानापुरात दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा जास्त होती. निवडून आल्या काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर. दुसऱ्या क्रमांकावर भाजपचे विठ्ठल हलगेकर, जे २०२३ ला मोठ्या फरकानं जिंकले. दोघंही मराठी बोलणारे.

इथं खरा बदल झाला. पूर्वी ‘मराठी’ ही पार्श्वभूमी फक्त समितीच्या उमेदवाराकडे होती. राष्ट्रीय पक्षांनी ती ओळखली आणि मराठी उमेदवार द्यायला सुरुवात केली. तसं पाहिलं तर कर्नाटकाच्या सभागृहात मराठी मूळ असलेली माणसं नेहमीच होती. संडूरच्या राजघराण्यातले एम. वाय. घोरपडे देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. खुद्द बेंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. इथले मराठे घरात जुनी मराठी आणि दारात कन्नड बोलत पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि त्यांनी सीमाप्रश्न कधी आपला मानला नाही. आता तोच प्रकार बेळगावात होऊ लागला. मतदाराला तीन मराठी उमेदवार दिसू लागले. त्यांतल्या दोघांमागे सत्ता, रस्ते, साखर कारखाने. तिसऱ्यामागे फक्त ‘समितीचा माणूस’ हे शब्द, आणि त्या शब्दांत आता पूर्वीचा ऐवज उरलेला नव्हता. शिवाय महाराष्ट्रातले नेते आपापल्या पक्षासाठी इथं प्रचाराला येतात, तेव्हा वडीलधाऱ्या माणसांच्या डोळ्यांत जे दुःख दिसतं, ते लिहिता येत नाही.

२०२१ च्या सप्टेंबरात महापालिका निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या. समितीची शाळाच हातातून गेली. तरीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीत शुभम शेळके या समितीच्या तरुण उमेदवारानं एक लाख सतरा हजारांवर मतं घेतली होती. लोक संपलेले नाहीत, हे त्यातून कळलं.

२०२३ ला समितीनं शहाणपणा केला. इच्छुकांकडून अर्ज मागवले, निवड समिती नेमली, प्रत्येक मतदारसंघात एकच उमेदवार दिला. बेळगाव उत्तरेत वकील अमर येळ्ळूरकर, ग्रामीणमध्ये आर. एम. चौगुले, खानापुरात मुरलीधर पाटील, दक्षिणेत रमाकांत कोंडुसकर. कोंडुसकर आधी श्रीराम सेनेत, मग श्रीराम सेना हिंदुस्थान या आपल्या संघटनेत वाढलेले. भाषेच्या चळवळीतून न आलेला, हिंदुत्वाच्या संघटनेतून आलेला उमेदवार समितीनं घेतला. त्यांनी सुमारे ६५ हजार मतं मिळवली आणि सुमारे १२ हजारांनी हरले. बाकी ठिकाणी समिती बरीच मागं राहिली. एकही आमदार आला नाही, सलग दुसऱ्यांदा.

ती पार्श्वभूमी चांगली की वाईट, यावर बेळगावच्या कट्ट्यांवर अजून वाद चालतो. मला सलतं ते हे, की तो वाद उमेदवारी ठरण्याआधी उघडपणे, सभेत झाला नाही. समितीच्या जन्माचं कारण भाषा होतं. तिच्या उमेदवारानं धर्माच्या राजकारणाशी आपलं नातं काय, मुसलमान मराठी भाषकाला आपण काय सांगणार, सभागृहात कन्नड भाषकांशी कसं बोलणार, हे लोकांसमोर सांगायला हवं होतं. आणि लोकांनी ते विचारायला हवं होतं.

माझं मत, माझा मतदारसंघ

१० मेच्या सकाळी मी कोरमंगलातल्या शाळेत मत द्यायला गेलो. माझं नाव काही वर्षांपूर्वी इथल्या यादीत आलं. मतदारसंघ बीटीएम लेआउट. इथून रामलिंगा रेड्डी २००८ पासून सतत निवडून येतात. त्यांची सुरुवातही बेंगळूर महापालिकेतूनच झाली. त्या वर्षी राज्यभर कर्नाटक राष्ट्र समिती नावाचा नवा प्रादेशिक पक्षही उभा होता, अमेरिकेत सॉफ्टवेअर अभियंता असलेल्या रवी कृष्णा रेड्डी यांनी काढलेला. नावात समिती वाचून मला घरची आठवण झाली.

इथल्या उमेदवारांचेही कागद मी वाचले होते. आणि एक गोष्ट ध्यानात आली की, मी इथं जे सहज विचारतो, मालमत्ता पाच वर्षांत कशी वाढली, धंदा काय, खटला कशाचा, ते मी शहापुरात राहत असताना कधी विचारलं नव्हतं. परक्या शहरात मी चोख मतदार झालो होतो. आपल्या गावात फक्त भावनेनं मत देत होतो. ज्या मातीवर आपलं प्रेम अधिक, तिथंच प्रश्न अधिक विचारायला हवेत. त्या वेळी राज्यात सुमारे ७३ टक्के मतदान झालं, बेंगळूर शहरात त्याहून कितीतरी कमी. कोरमंगलातून पाचशे किलोमीटर जाऊन मत देणारी आमची पोरं त्यामुळंच मला मोलाची वाटतात. त्यांच्या निष्ठेला माहितीची जोड मिळाली तर काय होईल?

म्हणून समितीच्या ज्येष्ठांकडे एक विनंती. निवडणूक आयोगाच्या कागदावर समितीचं नाव येत नसेल तर न येवो. समितीनं स्वतःचा कागद काढावा. येत्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची माहिती मराठीत, दोन पानांत, गावच्या चावडीवर आणि तरुण मंडळाच्या फलकावर लावावी. शिक्षण, धंदा, मालमत्ता. खटले घरचे कोणते, चळवळीतले कोणते, तारखांसह. आधी कोणत्या पक्षात, संघटनेत होता. निवडून आल्यावर समिती सोडणार नाही असं लेखी वचन. आणि सभागृहात कोणते पाच प्रश्न मांडणार, मराठी कागदपत्रांपासून खानापूरच्या जंगलातल्या गावांच्या रस्त्यापर्यंत, त्यांची यादी.

निकालानंतरच्या शनिवारी मी बेळगावला गेलो. वडील अंगणात बसले होते. मी न विचारताच म्हणाले, ‘या खेपेला मी त्या पोराचा कागद वाचून मत घातलो.’ कोणत्या पोराचा, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मत त्यांचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा ते ‘समितीचा माणूस’ म्हणाले नव्हते. त्यांनी नुसतं पोर म्हटलं होतं, आणि त्याचा कागद वाचला होता.